'कापूस' शोधला, 'कापसावर' सापडलंच नाही: मोंगोडीबीचा टेक्स्ट इंडेक्स आणि आपली मराठी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून बोलतोय.

मागच्या खरिपात एक कास्तकार दादा आमच्या कृषी केंद्रात आले. म्हणाले, "मागच्या साली पऱ्हाटीवर लाल्या आल्ता, तवा तुमी काय फवारायले सांगतलं होतं?" पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि लाल्या म्हणजे तिची पानं लाल पडण्याचा रोग. नोंद होती, मीच टाईप केलेली. सर्चमध्ये 'कापूस' टाकलं, काहीच आलं नाही. 'पऱ्हाटी' टाकलं, तरी नाही. दादा थोडा वेळ काउंटरपाशी थांबले आणि निघून गेले. रात्री सापडलं: "कापसावर लाल्या, मॅग्नेशियम सल्फेट." माणूस वावर सोडून येतो आणि आपल्याकडे लिहिलेलं असूनही आपण देऊ शकत नाही, हे मला फार लागलं.

(स्क्रीनवर: जुना कोड)

आमच्या नोंदी मोंगोडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये आहेत. तेव्हा मी शोधायला रेजेक्स वापरत होतो. म्हणजे डेटाबेस प्रत्येक नोंद उघडून अक्षरं जुळवत बसतो, जितक्या नोंदी वाढतील तितका वेळ. आणि 'काप' एवढंच टाकलं तर 'कापणी'च्या सगळ्या नोंदी अंगावर येतात.

तलाठी सातबारा काढायला गावातलं एकेक वावर फिरत नाही, गट नंबरावरून थेट पान काढतो. टेक्स्ट इंडेक्स तेच करतो. नोंद सेव्ह होतानाच तिच्यातले शब्द सुटे केले जातात आणि कुठला शब्द कुठल्या नोंदीत आहे हे लिहून ठेवलं जातं. मोंगोडीबीत हा प्रकार 2013 साली 2.4 मध्ये प्रयोग म्हणून आला, 2014 च्या 2.6 पासून कायमचा.

(स्क्रीनवर: इंडेक्स बनवायची ओळ)

क्रिएट इंडेक्समध्ये 'तक्रार' आणि 'सल्ला' या दोन्ही फील्डसमोर, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांसमोर, 'टेक्स्ट' लिहायचं. एका कलेक्शनवर, म्हणजे नोंदींच्या एका गठ्ठ्यावर, असा एकच इंडेक्स बसतो, म्हणून ज्या फील्डमध्ये शोधायचंय ती सगळी यातच घ्या. शोधताना डॉलर टेक्स्ट, त्याच्या आत डॉलर सर्च. दोन शब्द दिले तर दोन्हींपैकी एक असलेली नोंदही येते, म्हणून टेक्स्ट स्कोअरवर, म्हणजे नोंद शोधाशी किती जुळते त्या आकड्यावर, सॉर्ट लावायचं. शब्द सलग हवे असतील तर अवतरणात घालायचे. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह.

आता खरी गोष्ट. मोंगोडीबीला शब्दाचं मूळ रूप ओळखता येतं, पण ठरलेल्या 15 भाषांतच. त्यात डॅनिश आहे, फिनिश आहे, तुर्की आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. 2011 च्या जनगणनेत 8 कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली, तरी नाही. इंग्रजी नोंदीत एकवचन शोधलं तर अनेकवचनही सापडतं. आपल्याकडे कापूस, कापसाला, कापसावर, कापसातली हे त्याच्यासाठी चार परके शब्द. शिवाय आमच्या भागात कोणी कपाशी म्हणतं, कोणी पऱ्हाटी, कोणी पराटी. हे नातं त्याला कोण सांगणार? आपणच.

पहिलं काम, इंडेक्स बनवताना डिफॉल्ट लँग्वेज 'नन' (none, म्हणजे कुठलीच भाषा नाही) ठेवा, म्हणजे तो इंग्रजीचे नियम लावत बसत नाही.

दुसरं काम मेहनतीचं आहे, पण सगळा फरक त्यानंच पडतो. प्रत्येक नोंदीत 'कळशब्द' नावाचं एक वेगळं फील्ड ठेवा. आपला एक छोटा शब्दकोश बनवा: कापसावर, कपाशी, पराटी, सगळ्यांसमोर 'कापूस'. नोंद सेव्ह करताना फंक्शन तिच्यातले शब्द या कोशातून फिरवून मूळ शब्द कळशब्दात भरेल. हे फील्ड त्याच टेक्स्ट इंडेक्समध्ये घ्या आणि वजन, म्हणजे स्कोअरमधलं महत्त्व, 10 द्या, बाकीच्यांचं आपोआप 1 असतं. आणि शोधणाऱ्यानं टाईप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. हे मी आधी विसरलो होतो आणि दोन दिवस डोकं धरून बसलो.

कोश मोठा लागत नाही. पिकं, रोग, किडी, कामं: तूर, सोयाबीन, बोंडअळी, चक्रीभुंगा, डवरणी. आमच्याकडे 2017 च्या गुलाबी बोंडअळीच्या हंगामातल्या जुन्या नोंदी आहेत. त्यात कुठे 'अळ्या', कुठे 'बोंडअळीनं', कुठे नुसतं 'गुलाबी'. वह्या समोर घेऊन एकेक रूप उतरवलं.

(स्क्रीनवर: एरर)

हा एरर नीट बघा. नोंदीत 'लँग्वेज' नावाचं फील्ड असेल आणि त्यात 'मराठी' लिहिलं असेल, तर टेक्स्ट इंडेक्स असलेल्या कलेक्शनमध्ये ती नोंद सेव्हच होत नाही. मोंगोडीबी त्या फील्डकडे भाषेची सूचना म्हणून बघतो आणि मराठी त्याच्या यादीत नाही. भाषेची सूचना कुठल्या फील्डमधून घ्यायची हे लँग्वेज ओव्हरराइड ठरवतं; इंडेक्स बनवताना तिथे दुसऱ्या फील्डचं नाव द्या, काम होतं.

आणि 'पऱ्हाटी'तला तो ऱ्ह. काही कीबोर्ड तो ऱ आणि हलंत लावून लिहितात, काही साधा र, हलंत आणि एक न दिसणारा जोडचिन्ह वापरून. डोळ्याला एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. सेव्ह करण्याआधी सगळे एकाच प्रकारात बदलून घ्या, नाहीतर कोश असूनही पऱ्हाटी हरवते.

(स्क्रीनवर: सर्च)

बघा, 'पराटी लाल्या'. पहिलीच नोंद, "कापसावर लाल्या." फंक्शनचा कोड खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय. तुमच्या तालुक्यात कपाशीला, अळीला, धुऱ्याला अजून काय म्हणतात ते कमेंटमध्ये लिहा, मी कोशात घालतो.