जिन्याखालचं ऑफिस

झोपाळ्यावर लॅपटॉप, मागे माड, पलीकडे समुद्र. कोकणातून काम करणाऱ्यांचे फोटो असेच असतात. झोपाळ्यावर अर्ध्या तासाच्या वर काम होत नाही. पाठीला टेकू नाही, स्क्रीन मांडीवर, मान खाली जाते ती वर येत नाही.

दापोली तालुक्यातल्या या घरात ऑफिस आहे आतल्या खोलीत. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जाड. ओटीवरच्या वायफायचा सिग्नल इथवर येताना लंगडतो, म्हणून माळ्यावरून केबल ओढली आहे. लॅपटॉपखाली दिवाळी अंकांचा गठ्ठा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. कीबोर्ड वेगळा. खिडकी बाजूला, समोर आली की डोळे दिपतात.

पण लाईट गेली की हे सगळं चालतं ते जिन्याखालच्या इन्व्हर्टरवर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. लॅपटॉप ६५ वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, पंखा ७५. नवी बॅटरी सात-आठ तास खेचते; कुणी गुपचूप मिक्सर लावला नाही तर. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो. आधी वायरी सोडवायच्या, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडं करून व्हॅसलीन. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं ओतलं की प्लेटी गेल्याच. वळवाच्या गडगडाटात राउटरचा प्लग काढायचा: फायबरमधून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते.

तारेवर एक झावळ पडली तरी दुपार जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. मुंबईच्या ऑफिसात जनरेटर कंपनीचा असतो. इथे बॅटरी घरची, बिल घरचं, आणि कॉल तुटला की दिलगिरीही घरचीच.

कॉल न्यूयॉर्कशी असला, तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे सरकली की साडेसात. दिवस असा लांबत जातो. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

रात्रीचे पावणेअकरा. चुलीपाशी ताट झाकून ठेवलेलं. खोलीत कॉल चालू आहे.