किती देते? तीन चाकांच्या स्वस्त गाडीचा हिशेब

[दृश्य: पावसाळी सकाळ, पुण्यातला एक रिक्षा स्टँड. कॅमेरा जमिनीलगत, रिक्षाच्या पुढच्या चाकावर.]

समोरचा खड्डा बघा. मोटारवाला तो दोन चाकांच्या मधे घेतो आणि आरामात निघून जातो. स्कूटरवाला बाजूने काढतो. रिक्षावाल्याला या दोन्ही सोयी नाहीत. मागची दोन चाकं वाचवायला गेलं की पुढचं नेमकं खड्ड्यात उतरतं, पुढचं वाचवलं की मागचं एक धाडकन आपटतं. म्हणून खड्डा आला की रिक्षा अशी तिरपी वळते, आणि मागे बसलेल्याचा हात आपोआप पुढच्या दांडीकडे जातो.

मोटारसायकल चिखलात एक रेघ ओढते, मोटार दोन. तीन चाकांची गाडी तीन ओढते. म्हणजे चाक एक कमी झालं, पण सांभाळायची वाट एकाने वाढली.

तरीही दर काही वर्षांनी जगात कुणाला तरी ही गाडी खुणावते. सवाल साधा आणि बिनतोड असतो: एकट्या माणसाला कामावर जायला पाच माणसांची मोटार कशाला? एक चाक काढा, अर्धी रुंदी काढा, किंमत निम्म्यावर आणा, लोक रांगा लावतील. आणि खरंच, रांगा लागतात.

[दृश्य: रिकाम्या कारखान्याची लांबच लांब शेड, ओस पडलेला पार्किंगचा मोकळा पट्टा.]

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातलं श्रेव्हपोर्ट. इथे जनरल मोटर्सचा अवाढव्य कारखाना होता. हमर एच-३ इथे बनायची, म्हणजे पेट्रोल पिण्यात पटाईत अशी गाडी. २०१२ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्याच छपराखाली कमीत कमी पेट्रोल पिणारी गाडी बनवायची, असं पॉल एलिओ नावाच्या इंजिनिअरने ठरवलं. त्याची कंपनी एलिओ मोटर्स, स्थापना २००९, मुक्काम ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स.

गाडी अशी: पुढे दोन चाकं, मागे एक. माणसं दोनच, तीही एकामागे एक. दार एकच, डाव्या बाजूला. मागे बसणाऱ्याचे पाय पुढच्या सीटच्या दोन्ही अंगांनी पसरलेले, आपण मोटारसायकलवर मागे बसतो तसे. ०.९ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन. एसी, एअरबॅगा, पॉवरची काच, सगळं देणार. किंमत ६,८०० डॉलर, त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांच्या आसपास.

आणि आपल्याकडचा पहिला प्रश्न: किती देते?

हायवेवर गॅलनला ८४ मैल, असा कंपनीचा दावा. म्हणजे लिटरला पस्तीस किलोमीटरच्या वर. आपल्याकडे या आकड्याने कुणाची भुवई हलणार नाही, शंभर सीसीची साधी मोटारसायकल याहून कितीतरी जास्त देते. पण जिथे घरोघरी पिकअप ट्रक उभे असतात, तिथे एसी लावून बंद गाडीत बसायचं आणि पस्तीसचं ॲव्हरेज, ही बातमीच होती. १०० डॉलरपासून १,००० डॉलरपर्यंत आगाऊ रक्कम भरून ६५,००० हून जास्त लोकांनी नंबर लावले. त्यातल्या अनेकांनी पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर भरले होते.

[दृश्य: कागदावर पेनने काढलेली दोन रेखाचित्रं. एकात तीन चाकं, दुसऱ्यात चार.]

आता मुळातला प्रश्न. तीनच चाकं का? एक टायर वाचला म्हणून गाडी निम्म्या किमतीत पडत नाही. टायरची किंमत ती केवढी!

खरं कारण इंजिनिअरकडे नसतं, वकिलाकडे असतं. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत तीन चाकांचं वाहन मोटारसायकलमध्ये मोडतं. एकदा मोटारसायकल ठरली की मोटारीला लागू असलेल्या सुरक्षेच्या चाचण्यांचं जंजाळ सुटतं, आणि खर्च तिथे वाचतो. एलिओचं म्हणणं होतं की आम्ही तरीही मोटारीइतकी सुरक्षित गाडी देऊ. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण कायद्याने ते करायलाच लावलेलं नव्हतं, हेही खरं. उलट मोटारसायकल म्हटल्यावर लायसन्स मोटारसायकलचं लागणार, काही राज्यांत हेल्मेट लागणार. बंद गाडीत, एसीत, सीटबेल्ट लावून हेल्मेट घालून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा! मग एकेका राज्यात कायदा बदलून घ्यावा लागला.

कायद्याच्या फटीतून गाडी बाहेर काढण्याची ही खोड जुनी आहे. इंग्लंडमध्ये रिलायंट कंपनीच्या तीन चाकी मोटारी पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. वजन साधारण ४०० किलोच्या आत ठेवलं की मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि कर कमी पडायचा. घरात पोरंबाळं आलेल्या मोटारसायकलवाल्याला ती बरोबर बसली. पण तिचं पुढे एकच चाक. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि तिथे आधार एकाच चाकाचा, त्यात वळण असलं तर गाडी कलते. रिलायंट रॉबिनचं कलंडणं हा ब्रिटिश टीव्हीवरचा कायमचा विनोद झाला. थोडा अन्यायच, कारण बिचारी विनोदात दाखवतात तितकी कलंडत नसे. पण बाजारात हसं झालेली गाडी पुन्हा उभी करणं कठीण.

त्याआधी १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं, ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर आलं आणि अंड्याच्या आकाराच्या इवल्या गाड्यांना दिवस आले. त्यातल्याच इझेटा नावाच्या गाडीचं दार पुढच्या बाजूला, फ्रिज उघडावा तसं उघडणारं. बीएमडब्ल्यूने अशा दीड लाखांहून जास्त विकल्या, आणि ब्रिटनमध्ये तिची तीन चाकी आवृत्ती बनत होती. मग १९५९ मध्ये मिनी आली. चार चाकं, चार माणसं, डिकी, आणि किंमत ५०० पौंडांच्या आत. अंडी फुटली.

[दृश्य: जानेवारीतला बर्फ पडलेला लंडनमधला रस्ता.]

आणि सिंक्लेअर सी-५. तिच्याबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण स्वस्तात स्वस्त तीन चाकी गाडी म्हणजे काय याची कमाल तिथे झाली.

१० जानेवारी १९८५. लंडनचा अलेक्झांड्रा पॅलेस. घरगुती कॉम्प्युटर स्वस्त करून दाखवणारे क्लाइव्ह सिंक्लेअर आपली विजेची गाडी जगापुढे आणतात. किंमत ३९९ पौंड. वेग ताशी १५ मैलांवर बांधलेला, कारण त्याच्या आत राहिलं तर लायसन्स नको, विमा नको, चौदा वर्षांचं पोरही चालवू शकतं. पुन्हा तीच फट.

गाडीत माणूस जवळजवळ आडवा बसायचा, हँडल मांड्यांच्या खाली. चढ आला की पॅडल मारायचे. वर छप्पर नाही, आणि अनावरण भर हिवाळ्यात. डोकं इतकं खाली, की शेजारी ट्रक उभा राहिला तर नजरेसमोर त्याचं चाक. ट्रकवाल्याला आपण दिसावं म्हणून मागे लावायची एक उंच काठी मिळायची, पण वेगळे पैसे मोजून. ही काठी मला फार बोलकी वाटते. जीव वाचवायची वस्तू ज्या गाडीत जादा सामान म्हणून विकली जाते, तिच्या स्वस्ताईला काय म्हणावं?

हूव्हर कंपनीच्या वेल्समधल्या कारखान्यात साधारण १४,००० गाड्या बनल्या. ऑगस्टपर्यंत उत्पादन थांबलं, ऑक्टोबरमध्ये सगळं दिवाळखोरीत गेलं. तोवर विकल्या गेल्या होत्या पाचेक हजार.

[दृश्य: पुन्हा श्रेव्हपोर्ट. पेट्रोल पंपावरचा बदलता दरफलक.]

एलिओकडे परत येऊ. तिला छप्पर होतं, वेग होता, रूपही वाईट नव्हतं. मग अडलं कुठे?

कागद-पेन्सिल घ्या. समजा, वर्षाला २०,००० किलोमीटर धावणं आहे. जुनी साधी मोटार लिटरला पावणेतेरा देते, एलिओ पस्तीस-छत्तीस. वर्षाला वाचलं सुमारे १,००० लिटर पेट्रोल. २०१४ च्या मध्यावर अमेरिकेत गॅलनला साडेतीन डॉलरच्या आसपास दर होता. म्हणजे वर्षाला नऊशेवर डॉलर खिशात. चांगली रक्कम आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दर दोन डॉलरच्याही खाली गेला. तीच बचत आता पाचशेच्या आत. आणि एलिओचे शेअर बाजारात नोंदले गेले ते नेमके याच महिन्यात.

लहान गुंतवणूकदारांकडून मिळाले १.७ कोटी डॉलर. गाडी उत्पादनात आणायला हवे होते ३० कोटींहून जास्त. ठिगळ मोठं आणि कापड हातभर. २०१४ ला येणारी गाडी २०१५ ला येणार झाली, मग २०१६, मग २०१७. किंमतही ६,८०० वरून वर सरकली. विक्रीचा परवाना नसताना पैसे घेतले म्हणून २०१७ मध्ये लुईझियानाच्या वाहन आयोगाने दंड ठोठावला. २०२१ मध्ये विजेवरच्या आवृत्तीची घोषणा झाली. ज्यांनी नंबर लावले होते, त्यांतल्या एकाच्याही दारात गाडी उभी राहिली नाही.

पैसे असते तर चालली असती का? मला नाही वाटत. अशा गाडीची स्पर्धा शोरूममधल्या नव्या मोटारीशी नसतेच, ती असते गल्लीच्या टोकाला 'विकणे आहे' अशी पाटी लावून उभ्या असलेल्या जुन्या मोटारीशी. ६,८०० डॉलरमध्ये अमेरिकेत बऱ्या अवस्थेतली जुनी चार दारांची मोटार मिळायची. तिच्यात पोरं बसतात, किराणा बसतो, बर्फात ती चालते, आणि उद्या विकली तर कुणीतरी घेतं. तीन चाकी घ्यायची ती घरातली जादा गाडी म्हणून. आणि पेट्रोलचे पैसे वाचवायची ज्याला खरी निकड आहे, त्याच्याकडे जादा गाडीला पैसे नसतात.

आपल्याकडे आणखी एक भिंत आहे, सोसायटीच्या गेटची. नॅनोला तर चारही चाकं होती आणि मागे टाटांचं नाव होतं. पण 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला तो बसलाच. पोटाला चिमटा काढून माणूस गाडी घेतो, ती शेजाऱ्याने बघावी म्हणूनही घेतो. मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने २०२१ मध्ये विजेवरच्या तीन चाकी आर-३ चं बुकिंग १०,००० रुपयांवर उघडलं. पुढे दोन चाकं, मागे एक, किंमत साडेचार लाखांच्या घरात. दिसायला देखणी. पण त्या पैशात जुनी वॅगन-आर येते, आणि नवी स्कूटर तर त्याच्या पाव भागात.

[दृश्य: रिक्षाच्या मीटरचा क्लोज-अप. आकडा बदलतो.]

मग ही आपली रिक्षा कशी टिकली? खड्डे तेच, चाकं तीनच, पुढचं एकटं.

या मीटरमुळे. नोकरदाराची गाडी दिवसाचे बावीस तास उभी असते. रिक्षा एका हातातून दुसऱ्या हातात जाते, सकाळची पाळी मालकाची, रात्रीची भाड्याने चालवणाऱ्याची. हप्ता, सीएनजी, विमा, पासिंग, सगळं त्या मीटरमधून निघतं. प्रवाशाला गाडी आवडायची गरज नसते, त्याने ती वीस मिनिटांपुरती घेतलेली असते. रिक्षात बसलं म्हणून कुणाची पत जात नाही.

आणि एकच पुढचं चाक इथे कामाला येतं. अरुंद बोळात रिक्षा जागच्या जागी फिरल्यासारखी वळते. १९७७ मध्ये बजाजने इंजिन मागे नेलं. ते आता प्रवाशांच्या सीटखाली आलं, आणि चालू करायला खालचा लिव्हर डाव्या हाताने वर खेचावा लागायचा. खर्र... खर्र... तिसऱ्या खेपेला धूर. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

दिल्लीत ई-रिक्षांचंही असंच झालं. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१५ मध्ये कायदा बदलून त्यांना जागा करून द्यावी लागली. ताशी २५ किलोमीटर, चार प्रवासी, पत्र्याचं छप्पर. भपकेबाज अनावरण नाही, आगाऊ बुकिंग नाही. मेट्रो स्टेशनच्या दारातून घरापर्यंतचं अंतर तिने पकडलं, बस्स.

[दृश्य: स्टँडवर चहा. रिक्षाचालक, वय पन्नाशीचं, खाकी शर्टाची वरची गुंडी उघडी.]

तीस वर्षं रिक्षा चालवणाऱ्या या काकांना आम्ही शेवटी विचारलं, घरच्यांना घेऊन कुठे जायचं असलं तर रिक्षाच काढता ना?

ते हसले. म्हणाले, "सासुरवाडीला काय रिक्षा घेऊन जाऊ?"

मग फडक्याने हात पुसून त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. पांढरी हॅचबॅक, दुसऱ्या हातची, बोनेटवर झेंडूचा हार, शेजारी दोन्ही मुली.

"किती देते?" आम्ही विचारलं.

"सीएनजी आहे," ते म्हणाले, आणि तेवढ्यात भाडं आलं.