दारात माणूस हवं

नमस्कार श्रोतेहो.

समलिंगी, पारलिंगी माणसांना हक्कानं येऊन बसता येईल अशी जागा उभी करायची, तर आधी काय लागतं? कुणी म्हणेल हॉल, कुणी म्हणेल पैसा. मी म्हणते, दारात माणूस हवं. या म्हणणारं.

न्यूयॉर्कमध्ये असं केंद्र १९८३ पासून आहे, मॅनहॅटनला, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. तरी १९९४ साली ब्रुकलिनमध्ये आणखी एक का निघालं? कारण काळ्या, लॅटिनो, आशियाई माणसांना बाहेर रंग आडवा यायचा आणि समलिंगींच्या बैठकीतही तोच आडवा यायचा. त्यांनी आपल्या केंद्राला नाव दिलं ऑड्री लॉर्ड प्रोजेक्ट. ऑड्री लॉर्ड म्हणजे कॅरिबियन आईवडिलांची न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली लेक. कृष्णवर्णीय, लेस्बियन, कवयित्री. १९९२ साली ती गेली. १९९६ मध्ये केंद्राला जागा मिळाली, तीही एका चर्चच्या आवारात. पुढे या मंडळींनी वस्तीतल्या दुकानदारांनाही तयार केलं: रस्त्यात कुणाच्या मागे कुणी लागलं, तर त्याला आत घ्या. म्हणजे पुन्हा दारातला माणूसच.

समलिंगी, पारलिंगी माणसांसाठी काम करणारा आपल्या मुंबईतला हमसफर ट्रस्टही १९९४ चाच. वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत त्यांचं केंद्र चाललं.

   

काही वर्षांपूर्वी मी भाच्याकडे न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला गेले होते. तो रविवारी अशाच एका केंद्रात चहापाण्याचं बघायचा. म्हणाला, "मावशी, चल, तुझ्या हातचे पोहे होऊ देत." चाळीस माणसांचे पोहे, शेगडी एक, चार वेळा फोडणी घातली. मधेच खिडकीतून दिसलं, एक मुलगा फुटपाथवर उभा. फोन कानाला, पण ओठ हलत नव्हते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. टेबलावर वही होती, नाव-आडनाव लिहायची. त्याची नजर सारखी त्या वहीवर. आडनाव लिहिलं की काय काय कळतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

दारात साठीच्या एक कृष्णवर्णीय बाई बसायच्या. त्यांनी वही मिटली, खणात टाकली आणि चिकटपट्टीचा तुकडा त्याच्यापुढे धरला. म्हणाल्या, तुला ज्या नावानं हाक मारलेली आवडते, ते लिही. त्यानं लिहिलं, देवनागरीत: बाळू. बाईंना वाचता येईना. त्यानं म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या "बालू". मग "बारू". तो ळ शिकवत राहिला, त्या घोकत राहिल्या, आणि त्या घोकण्यात तो कधी उंबरा ओलांडून आत आला ते त्यालाही कळलं नाही.

मी मात्र चुकले. आनंदानं ओरडले, "बाळू, पोहे घेणार का रे?" त्याचा चेहरा उतरला. पाय दाराकडे वळले. कपाळावर टिकली, तोंडी मराठी: त्याला जिची धास्ती होती, ती बाई मीच होते. "कुठला रे तू?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. बशी टेबलावर ठेवली, लिंबाची फोड ठेवली आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागले.

तासाभरानं शेजारी येऊन कुणीतरी कढई विसळायला घेतली. तोच. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही कुठल्या?"

"साताऱ्याची."

"मी कराडचा," बाळू म्हणाला.