खेळून जुनी झालेली हॉकी जर्सी

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईत हॉकी नुसती पाहिली गेली नाही, ती घराघरांतून खेळली गेली. रेल्वे, कस्टम्स, पोर्ट ट्रस्ट, बँका अशा कचेऱ्यांच्या संघांतून खेळलेल्या माणसांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, एखादी जुनी जर्सी आजही सापडू शकते. अशी जर्सी हाती आली, तर ती प्रत्यक्ष सामन्यात कोणी घातली होती की ती फक्त जुनी आहे, हे कसे ओळखावे, याविषयी आज बोलायचे आहे.

या शोधाचे शास्त्र सर्वाधिक विकसित झाले ते कॅनडा आणि अमेरिकेत, आइस हॉकीच्या जर्सींमुळे. २८ सप्टेंबर १९७२ रोजी मॉस्कोत सोव्हिएत संघाविरुद्धचा निर्णायक सामना संपायला ३४ सेकंद उरले असताना कॅनडाच्या पॉल हेंडरसनने विजयी गोल केला. त्या वेळी त्याच्या अंगात असलेली १९ क्रमांकाची जर्सी २०१० साली लिलावात दहा लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला गेली. असा पैसा दिसला की नकली मालही बाजारात येणारच, आणि म्हणून तिथले संग्राहक कापडाचा इंच न् इंच तपासतात. रबरी चकती आदळल्याचे काळे फराटे, रिंगणाच्या कठड्याला घासल्याने लागलेला रंग, कोपराच्या पॅडच्या पट्टीने उठलेले धाग्यांचे गोळे, आणि पाठीकडून आतल्या बाजूला शिवलेला तो पट्टा, जो विजारीला अडकवला की मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढता येत नाही, या सगळ्यांवर त्यांची नजर असते. पट्टा आहे, पण त्याची शिवण जराही ताणलेली नाही, तर ती जर्सी मैदानात उतरली नसावी असा संशय घेतला जातो, आणि तो योग्यच आहे.

या सर्व खुणांहून मोलाचा पुरावा म्हणजे रफू. खेळाडूचे नाव आणि क्रमांक कोणीही शिवून घेऊ शकतो, पण फाटलेल्या बाहीवर संघाच्या माणसाने घाईघाईत घातलेले वाकडे टाके आणि त्या काळच्या छायाचित्रात त्याच जागी दिसणारे तेच टाके जुळवून आणणे जवळजवळ अशक्य असते. क्रमांकाच्या कडेचा टाका शिवणीपासून नेमका किती अंतरावर आहे, हेही छायाचित्राशी ताडून पाहिले जाते. पाठीवरच्या नावावर मात्र फार विसंबू नये. १९७८ साली जर्सीवर नाव हवेच असा आग्रह झाला, तेव्हा टोरोंटो संघाच्या मालकाने चिडून निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावे लावली होती. नियमही पाळला गेला आणि वाचताही काही येईना.

आपल्या मैदानी हॉकीत कठडा नाही आणि मारामारीचा पट्टाही नाही, त्यामुळे खुणा वेगळ्या असतात. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. त्याआधीच्या सुती जर्सीवर पडल्याचे डाग तांबूस मातीचे आणि हिरवट गवताचे असतात आणि ते धाग्यांत मुरलेले असतात. टर्फवर पडल्यावर डाग कमी पडतात, पण कापड कोपरावर आणि कमरेपाशी घासून विरते. गोलरक्षकाची जर्सी संरक्षक जाकिटावरून घातली जात असल्याने ती छाती-खांद्यांवर सैल पडलेली दिसते. कानशीने किंवा सँडपेपरने मुद्दाम झिजवलेले कापड मात्र सगळीकडे सारखेच झिजलेले असते, आणि तिथेच चोरी पकडली जाते.

आता जर्सी उलटी करून कॉलरच्या आत पाहावे. जुन्या काळी परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, एखादे अक्षर, दोन टिंबे, कधी एक तिरपी रेघ. हा काळपट तपकिरी डाग धुऊन जात नाही. संघाचे सगळे कपडे एकत्र धुवायला जात असतील, तर त्या सर्वांवर एकाच प्रकारची खूण सापडते. म्हणून नक्की माहीत असलेल्या एका जर्सीवरची खूण दुसरीवर मिळाली, तर ती दोघींना जोडणारा चांगला धागा ठरतो. तिथेच क्रमांकाच्या मागची बाजूही पाहावी. कापडावर आधीच्या क्रमांकाच्या सुईची बारीक छिद्रे दिसली, तर घाबरू नये. पैशाची ओढाताण असलेले क्लब तीच जर्सी नवा आकडा शिवून पुन्हा वापरत. मात्र ती छिद्रे एखाद्या साध्या क्रमांकाची असतील आणि वर नामवंत खेळाडूचा क्रमांक ताज्या, चकचकीत पॉलिस्टर दोऱ्याने शिवलेला असेल, तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे निघावे.

काळ ठरवायला मुंबईचा इतिहास कामी येतो. छातीवर ‘जी. आय. पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) किंवा ‘बी. बी. सी. आय.’ (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) असेल, तर ती जर्सी नोव्हेंबर १९५१ पूर्वीच्या रेल्वेची. त्यानंतर मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. धोबीतलावच्या एखाद्या क्रीडासाहित्याच्या दुकानाच्या लेबलपट्टीवर पिनकोड असेल, तर ती १९७२ नंतरची, आणि दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल, तर २००२ च्या आसपासची किंवा नंतरची. व्यावसायिक हॉकी लीगमधला मुंबई मरीन्स हा संघ २०१२ चा, मुंबई मॅजिशियन्स त्यानंतरचा आणि दबंग मुंबई त्याच्याही पुढचा. भारतीय संघाच्या छातीवर प्रायोजक म्हणून ओडिशाचे नाव आले ते २०१८ पासून.

एवढे सगळे जुळले, तरी जर्सी कोणाकडून कोणाकडे गेली याचा लेखी माग नसेल, तर किंमत आणि विश्वास दोन्ही घटतात. ऑलिम्पिक हॉकीपटू बलबीरसिंग सीनियर यांनी १९८५ साली आपली ३६ पदके, मेलबर्न ऑलिम्पिकमधील कर्णधाराचा ब्लेझर आणि अनेक छायाचित्रे संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवली होती, आणि पुढे त्या वस्तूंचा पत्ताच लागला नाही. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर तो ब्लेझर सापडलेला नव्हता. आपल्याकडे संस्थांवर विसंबण्याऐवजी घरच्यांनीच नोंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद साधी असावी: जर्सी कोणत्या सामन्याची, कोणत्या साली, कोणाच्या अंगावरची, आजवर कोणाच्या ताब्यात होती, आणि हे सांगणाऱ्याचे नाव व तारीख. खेळाडू हयात असतील, तर कापडावर मार्करने सही मागण्यापेक्षा या कागदावर घ्यावी. कापडावरची शाई मुंबईच्या दमट हवेत पसरते आणि खुणाही झाकून टाकते. जर्सी धुऊ नये, नीळ घालू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये आणि हँगरला टांगू नये, कारण ओलसर सुती कापड स्वतःच्याच वजनाने खांद्यांवर ताणले जाते. आम्लविरहित पांढऱ्या कागदात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पावसाळ्यात मधूनमधून उघडून पाहावी, आणि नोंदीचा कागद कापडाला न चिकटवता वेगळ्या पाकिटात ठेवावा.