धानातली नवी वाट

(दृश्य: सकाळ. हिरवीगार बांधी, वरून ढग. कॅमेरा पांदणीवर.)

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. रोवणी होऊन महिना-दीड महिना झाला आहे आणि धान मांडीला लागतंय. गोंदिया जिल्ह्यातली ही एक बांधी, म्हणजे पाणी अडवलेलं धानाचं शेत. गावाचं नाव या निवेदनात मुद्दामच नाही.

बांधीच्या मधोमध एक वाट दिसते. ती शेतकऱ्याने पाडलेली नाही. शेतकरी धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, जातो. उभ्या धानातून सरळ रेघ तो कधी काढत नाही. रेघेच्या टोकाला गवत आणि धानाच्या काड्यांचा एक रुंद ढीग पाण्यातून वर आलेला आहे. ते सारस पक्ष्याचं घरटं.

(दृश्य: तुडवलेल्या धानाचं जवळून चित्रण. चिखलात बुटांचे ठसे.)

ही वाट साधारण ६० मीटर लांब आणि दीड फूट रुंद असेल असं धरू. एका जागी रोवलेल्या रोपांचा झुबका म्हणजे चूड. ओळीने रोवलेल्या धानात दोन चुडांमधलं अंतर २० बाय १५ सेंटीमीटर असतं. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ३३ चुडं. हिशेब केला तर या एका वाटेखाली ९०० च्या आसपास चुडं गेली. चिखलात दाबलेलं चूड पुन्हा उभं राहिलं तरी त्याला फुटवे कमी येतात, लोंबी लहान भरते. हे झालं एका वाटेचं. पण घरट्याचा फोटो काढायला येणारा प्रत्येक जण आधीच्याच वाटेने जातो असं नाही. कोणाला उजेड पाठीशी हवा असतो, कोणाला मागे डोंगर हवा असतो.

पर्यटकांची गर्दी म्हटली की आपल्याकडे चिखलदरा आठवतं, लोणारचं सरोवर आठवतं, ताडोबाच्या गेटवरची रांग आठवते. तिथे निदान गेट असतं, तिकीट असतं, कोणीतरी हटकणारं असतं. धानाच्या बांधीला गेट नसतं, आणि सारसाची घरटी बहुतेक अशाच ठिकाणी असतात: कोणाच्या तरी बांधीत, नाहीतर मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठच्या देवनळात, म्हणजे उंच पाणगवतात.

(दृश्य: लांबून सारसाची जोडी. दोघांची दुहेरी हाक.)

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमधला जगातला सगळ्यात उंच पक्षी. मान ताठ केली की मोठा नर पावणेसहा फुटांपर्यंत जातो. महाराष्ट्रात त्याचं मुख्य ठाणं म्हणजे गोंदिया आणि लगतचा भंडारा. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटातही तो आहे. गेल्या काही वर्षांच्या गणनांमध्ये गोंदिया जिल्ह्यातला आकडा चाळिशीच्या आतच राहिला आहे. चाळिशीच्या आत म्हणजे सगळे मिळून: जोड्या, एकटे, पिल्लं, सगळे.

जोडी वर्षाला बहुधा दोनच अंडी घालते. ती साधारण महिनाभर उबवावी लागतात आणि नर-मादी आळीपाळीने बसतात. दोन अंड्यांतून वाढून उडणारं पिल्लू पुष्कळदा एकच.

(दृश्य: घरट्यावर बसलेला सारस. फक्त पाठ आणि डोकं दिसतं.)

आता त्याच्या मानेकडे बघा. घरट्यापासून किती लांब उभं राहावं हे मीटरमध्ये सांगता येत नाही, ते मान सांगते. मान सैल, चोच पिसांत किंवा घरट्यातल्या काड्या सारखी करण्यात, म्हणजे पक्षी निवांत आहे. मान सरळ वर आली आणि तिथेच थांबली, तर त्याने तुम्हाला पाहिलं आहे आणि त्याचा विचार चालू आहे. इथेच थांबायचं. शक्य असेल तर दहा पावलं मागे. काही वेळा तो उलट करतो, मान घरट्यावर आडवी टाकतो, जणू घरट्यावर कोणी नाहीच. बघणाऱ्याला वाटतं झोपला. तो झोपलेला नसतो.

पुढची पायरी म्हणजे उठणं. घाबरलेला सारस लगेच उडत नाही. उठतो, घरट्यावरून उतरतो आणि धानातून चालत बाजूला जातो. जाताना गवतात चोच घालतो, चरतोय असं वाटावं. आणि शेवटची पायरी, पंख पसरणं आणि मोठ्याने ओरडणं.

फोटोवाल्यांना नेमकी हीच शेवटची पायरी हवी असते. अडीच मीटरच्या आसपासचे उघडे पंख, आकाशाकडे चोच, लाल मान. या फोटोला सगळ्यात जास्त वाहवा मिळते. फोटो घरट्याजवळ काढलेला असेल तर त्याचा अर्थ एकच आहे: अंडी त्या क्षणी उघडी होती.

(दृश्य: वर कावळे. बांधीच्या कडेला कुत्रं.)

उघडी म्हणजे किती वेळ? एक टोळकं आलं, पक्षी उठला, टोळकं गेलं, पक्ष्याने खात्री केली आणि परत येऊन बसला. यात पंधरा मिनिटं धरली तर रविवारी आठ टोळकी म्हणजे दोन तास. सप्टेंबरात ढग फाटले की ऊन चटका देतं आणि अंडी तापतात. पाऊस असेल तर भिजून गार होतात. पण कावळ्याला दोन तास लागतच नाहीत. पक्षी उठला की घरट्यात काय आहे हे कावळ्याला वरून दिसतं, आणि माणसं जिथे घोळका करून उभी असतात तिथे काहीतरी असतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कोल्ह्या-कुत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पाणी अडवतं. सारस पाण्यात घरटं बांधतो ते याचसाठी. भोवतालचं पाणी हाच त्याचा कोट. रोवणीनंतर बांधीत पाच ते दहा सेंटीमीटर पाणी उभं असतं, खाली पोटरीभर चिखल आणि वर दाट धान. अशातून चालत जाणं कुत्र्याच्या जिवावर येतं. पण माणसांनी वाट पाडून दिली, की तीच वाट रात्री त्याच्या कामी येते.

(दृश्य: धुरा. एका जागी खचलेला, त्यातून खालच्या बांधीत वाहणारं पाणी.)

त्यात हा धुरा. वाळला की दगडासारखा घट्ट असतो, पण पावसाळ्यात तो ओल्या मातीचा असतो, माथ्यावर जेमतेम फूट-सव्वा फूट रुंद. एकटा शेतकरी रोज त्यावरून गेला तर काही होत नाही. पाय कुठे टाकायचा हे त्याला माहीत असतं. पंधरा-वीस जण बुटांनी एकामागून एक गेले, दोघांनी त्यावरच ट्रायपॉडचे पाय रोवले, की कड खचते. त्या वेळी काही दिसत नाही. रात्री जोराचा पाऊस आला की तिथूनच धुरा फुटतो. पाणी खालच्या बांधीत जातं आणि त्याबरोबर नुकताच टाकलेला युरियाही जातो. उघड्या पडलेल्या बांधीत तण माजतं. आणि घरट्याभोवतीचा कोट आटतो.

आता त्या शेतकऱ्याच्या जागेवरून बघा. घरट्याभोवती त्याने धान तसंच सोडलं. निंदण करताना तेवढी जागा टाळली. बायका निंदायला आल्या तर त्यांना लांबूनच सांगितलं. सारस अशा माणसांना ओळखतात. वाकून काम करणारी, रोज त्याच वेळी येणारी, पक्ष्याकडे न बघणारी माणसं पुष्कळ जवळ असली तरी तो घरट्यावरून हलत नाही. आपल्याकडे टक लावून उभा राहिलेला अनोळखी माणूस त्याला शंभर मीटरवरूनही नको असतो. इतकं सांभाळून त्या शेतकऱ्याच्या पदरात काय, तर तुडवलेलं धान, फुटलेला धुरा, पांदणीवर अडकलेला ट्रॅक्टर आणि चिप्सची पाकिटं. पुढच्या जुलैत जोडी पुन्हा त्याच बांधीत काड्या गोळा करायला लागली, की तो काय करेल? पहिल्याच आठवड्यात काड्या विस्कटून टाकणं त्याला सहज जमतं, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. घरटं टिकतं ते या माणसाच्या मनावर.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर हिरवं शेत, मधे एक राखाडी ठिपका.)

माणसं इतकी पुढे का जातात, याचं एक कारण साधं आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात शंभर मीटरवरचा पाच फुटी सारस चौकटीच्या उंचीचा जेमतेम साठावा भाग व्यापतो. तोंडीलावण्याएवढाही नाही. म्हणून माणूस चालायला लागतो, आणि पक्षी चौकटीत मावण्याएवढा मोठा व्हायच्या कितीतरी आधी उठून गेलेला असतो. मोबाइलवर सारसाच्या घरट्याचा फोटो येत नाही. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं. तलाव, धान, त्यात दोन लहान राखाडी आकृत्या, असा फोटो मोबाइल छान काढतो.

मोठ्या लेन्सवाल्यांना तर पुढे जायची गरजच नाही. ४०० मिलिमीटरची लेन्स आणि क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा असेल तर तोच पक्षी शंभर मीटरवरून चौकटीच्या उंचीचे पाचांतले दोन भाग व्यापतो. तरी फोटो मऊ, म्हणजे धूसर, येतो अशी तक्रार असते आणि मग पावलं पुढे पडतात. दोष बहुतेक वेळा अंतराचा नसून उन्हाचा असतो. नऊ-साडेनऊनंतर पाणी आणि चिखल तापतात, हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी पिसांच्या कडा विरघळतात. उपाय आहे उजाडताना येण्याचा. किंवा ढगाळ दिवस बघायचा.

(दृश्य: पांदणीच्या कडेला उभी गाडी. खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी, त्यावर लेन्स.)

गाडी हेच सगळ्यात चांगलं लपण. पक्षी गाडीला सरावलेले असतात. दार उघडून माणूस उतरला की त्यांची मान वर होते. खिडकीच्या काचेवर दोन-तीन किलो तांदळाची किंवा वाळूची शिवलेली पिशवी ठेवायची, तिच्यावर लेन्स. इंजिन बंद, कारण त्याचा थरकाप फोटोत येतो. गाडी लावताना ट्रॅक्टर-ट्रॉली निघेल एवढी जागा सोडायची. पांदणीवर तेवढी जागा नसेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवायची आणि फोटोचा नाद सोडून दुर्बीण काढायची. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. शेतात कोणी असेल तर आधी त्यांना विचारायचं: “भाऊ, इथून पाहिलं तर चालते का?” नाही म्हणाले तर नाही.

काही जण मात्र घरट्यासमोरचं गवत आणि देवनळ मोडून ‘स्वच्छ’ दृश्य तयार करतात. त्या काड्या पाल्यापाचोळ्यासारख्या दिसत असल्या तरी घरट्याची सावली आणि आडोसा त्याच असतात. मोबाइलवर सारसाची हाक वाजवणं त्याहून वाईट. आपल्या इलाख्यात दुसरी जोडी घुसली असं समजून घरट्यावरचा पक्षी उठतो आणि येऊन ओरडतो. फोटो मिळतो. तिसरा प्रकार ड्रोनचा. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन हौसेने उडवायला पायलट परवाना लागत नाही, हे ड्रोन नियम २०२१ मध्ये आहे खरं. ती सूट परवान्यापुरती. वरून घिरट्या घालत येणारी वस्तू पक्ष्याच्या हिशेबात शिकारी असते, वजन कितीही असो.

कायदाही इथे स्पष्ट आहे, फारसा कोणाला ठाऊक नाही एवढंच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. बंदूक लागत नाही. घरट्यापाशी गर्दी जमलेली दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं. भांडत बसू नये. भांडणाने घोळका वाढतो आणि पक्षी आणखी वेळ बाहेर राहतो.

२०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून घेरली. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाघाला गेट होतं, चालकांची नोंद होती, जिप्सींचे क्रमांक होते. धानातल्या घरट्याभोवती कोण येऊन गेलं याची नोंद कुठेच होत नाही.

(दृश्य: फोनमधलं लोकेशन सेटिंग बंद करणारं बोट.)

गर्दी जमते ती बहुतेक एका फोटोने. कॅमेरा ॲपमधलं लोकेशन बंद करणं ही पहिली पायरी, पण ती पुरत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची माहिती गळून पडते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइलसोबत जशीच्या तशी जाते. आणि फोटोच्या मागे मोबाइल टॉवर असेल, देवळाचा कळस असेल किंवा गावाचा फलक असेल, तर जाणकार माणूस अर्ध्या तासात बांधी शोधतो. घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर जोडी ते ठिकाण सोडून गेल्यावर टाकावा.

(दृश्य: डिसेंबर. कापलेल्या बांध्या, विरळ धुकं.)

पिल्लं घरट्यात फार राहत नाहीत, लवकरच आईबापामागे चालायला लागतात. आईबापाने इशारा दिला की धानात अंग चपटं करून बसतात आणि मुळीच हलत नाहीत. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात अशा बांधीत पाय टाकणं अंड्यांइतकंच पिल्लांसाठीही धोक्याचं. उडायला त्यांना तीन महिने लागतात.

सारसाचा चांगला फोटो हवा असेल तर तो आता, डिसेंबरात. धान कापून झालेलं असतं, आडोसा राहिलेला नसतो आणि कुटुंब उघड्यावर चरत असतं. सकाळी तिरपं ऊन, मागे तलाव. पिल्लू उंचीला जवळजवळ आईबापाएवढं झालेलं, पण डोकं अजून तांबूस-तपकिरी, लाल झालेलं नाही. पक्षी आता उठून गेले तरी मागे काही उघडं पडत नाही. मात्र रस्ता इथेही सोडायचा नाही. धसकटांमधून जे हिरवं बारीक उगवलेलं दिसतंय ते लाखोरी डाळीचं पीक आहे, पेरलेलं.