गडचिरोलीच्या नोंदवहीपासून आशाताईंच्या पिशवीपर्यंत

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील श्रोतेहो, नमस्कार.

जतच्या एखाद्या वस्तीवर किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की बाळाच्या जन्मापासून तिसऱ्या दिवशी गावच्या आशाताई दारात येतात. त्या बाळाला झोळीत घालून वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, बाळ दूध नीट ओढते का ते पाहतात आणि नोंदवहीत लिहून ठेवतात. त्यानंतर सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी त्या पुन्हा येतात. प्रसूती घरीच झाली असेल, तर पहिल्याच दिवशी एक भेट अधिक होते. हे वेळापत्रक केंद्र सरकारच्या २०११ च्या गृहाधारित नवजात बालक सेवा कार्यक्रमातून आले. त्या कार्यक्रमाच्या मुळाशी डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध आहे. तो डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतून लिहिला होता.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. महाराष्ट्रभूषण, पद्मश्री हे सन्मान सर्वांना ठाऊक आहेत, त्यांच्या त्यागाविषयी भाषणेही पुष्कळ होतात. त्यांचे शोधनिबंध मात्र, वैद्यकीय महाविद्यालये सोडली, तर फारसे कोणी वाचत नाही, आणि महाविद्यालयांतही ते बहुधा परीक्षेपुरतेच वाचले जातात. म्हणून आज त्यांच्या चरित्राकडे न जाता त्यांनी काय मोजले, ते कसे मोजले आणि त्या मोजण्याचा प्रभाव कुठवर गेला, एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

नागपूरचे वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आणि १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. त्याआधीच्या एका कामाचा उल्लेख मात्र सांगलीकरांसाठी करायला हवा. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी तो प्रयोग प्रथम तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केला, हे आपल्याला माहीत आहे. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने शेतमजुराच्या किमान वेतनाचा हिशेब मांडला, तेव्हा मजुराला दिवसाला किती उष्मांक लागतात याविषयीच्या त्या हिशेबातील त्रुटी तरुण अभय बंग यांनी दाखवून दिल्या. पागे यांची तळमळ निर्विवाद होती, तरीही आकडे तपासावे लागले. आरोग्याचे संशोधन मजुरीच्या दरापर्यंत जाऊ शकते, हे त्या वादात दिसले.

गडचिरोलीतील पहिला मोठा निबंध जानेवारी १९८९ चा, आणि त्याच्या लेखकांत पहिले नाव डॉ. राणी बंग यांचे आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण या जोडप्याचे सगळे काम एकाच नावावर जमा करण्याची सवय आपल्याला लागली आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णांची मोजदाद पूर्वीही होत असे. येथे तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियांनाच तपासणीसाठी बोलावले होते. त्यांच्यापैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी व उपचार केवळ ८ टक्के स्त्रियांच्या वाट्याला आले होते. त्या काळी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढीच सरकारी व्याख्या होती. १९९४ मध्ये कैरो येथे झालेल्या लोकसंख्याविषयक जागतिक परिषदेत प्रजनन आरोग्याची व्यापक कल्पना स्वीकारली गेली, आणि त्या विचाराला बळ देणाऱ्या पुराव्यांमध्ये या निबंधाचा उल्लेख वारंवार होत आला आहे.

दुसरा निबंध १९९० चा, बालकांच्या न्यूमोनियाविषयीचा. ५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे औषध देण्यास शिकवले आणि ४४ गावांशी तुलना केली. उपचार मिळालेल्या बालकांत न्यूमोनियाने दगावण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहिले, तर तुलनेच्या गावांत ते साडेतेराच्या घरात होते. या कामातील एक साधन मला फार आवडते. निरक्षर दाईला मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजता येत नसत, म्हणून मण्यांची चौकट आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. परदेशी यंत्रांच्या जाहिराती वाचताना मला अनेकदा ही चौकट आठवते.

आता १९९९ च्या निबंधाकडे वळू. त्या वेळचा सर्वमान्य समज असा होता, की नवजात बालकाला वाचवायचे तर रुग्णालय, काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ हवेत. खेड्यात ते शक्य नाही, म्हणून पहिल्या महिन्यातील मृत्यू तूर्त बाजूला ठेवावेत. बंग यांनी आधी हे मृत्यू जवळून पाहिले. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांची पहिल्या २८ दिवसांत घरी जाऊन नोंद ठेवली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि प्रत्यक्ष डॉक्टरपर्यंत पोहोचलेली बालके शंभरात तीनसुद्धा नव्हती. मृत्यूंच्या कारणांत जंतुसंसर्ग सर्वांत वर, त्याखाली जन्मतःच गुदमरणे आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म. औषधाने बरा होण्याजोगा आजार सर्वाधिक बळी घेतो आहे, हे या मोजणीतून समोर आले.

त्यानंतर ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ असे नाव मिळाले. त्या दाईबरोबर प्रसूतीच्या वेळी हजर राहत, बाळ रडले नाही तर श्वास देत, बाळाला गुंडाळून ऊब देत, आईला पाजण्याविषयी सांगत आणि ठरलेल्या दिवशी घरी जात. दूध ओढेनासे होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे अशा ठरावीक लक्षणांवरून त्या जंतुसंसर्ग ओळखत. कुटुंबाला रुग्णालयात जाणे शक्य नसेल, तर घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पोटात घेण्याचे औषध देत. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ आणि तुलनेच्या गावांत ५९.६ होते. सुरुवातीला दोन्हीकडे हा आकडा साठाच्या आसपास होता. निव्वळ घट ६२ टक्के, आणि दर बालकामागील खर्च त्या वेळच्या हिशेबाने साधारण पाच डॉलर.

इतकी मोठी घट वाचल्यावर शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती यायलाच हवी. म्हणूनच मला या निबंधातील नोंदीची पद्धत त्यातील इंजेक्शनाइतकीच महत्त्वाची वाटते. जन्म आणि बालमृत्यू घडतील तसे गावातच नोंदवले जात, आणि दर सहा महिन्यांनी घरोघरी फिरून ती नोंद पडताळली जाई. एक मृत्यू नोंदीतून सुटला की प्रयोग आपोआप यशस्वी दिसू लागतो, याची जाण असल्याखेरीज एवढे कष्ट कोणी घेत नाही. आपल्या सरकारी नोंदींत नेमके उलटे घडते. घरी जन्मून दुसऱ्या दिवशी गेलेले मूल ना जन्माच्या रकान्यात येते ना मृत्यूच्या. ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अहवालात ही लपलेली संख्या मांडली गेली, तेव्हा राज्यात मोठी खळबळ उडाली आणि पुढे शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमून तिचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांनाच दिले.

या निबंधाचा प्रभाव दोन वाटांनी पसरला. पहिली वाट इतर संशोधकांची. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील शिवगड येथील प्रयोगात नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी, तर बांगलादेशातील सिल्हेट येथील प्रयोगात घरभेटींच्या गटात ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. गडचिरोलीचा आकडा जसाच्या तसा सगळीकडे आला नाही. मात्र या दोन्ही ठिकाणी दिशा तीच राहिली. दुसरी वाट धोरणाची. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि दोन वर्षांनी आपल्याकडे हे काम आशांकडे आले.

मूळ निबंधावरचे आक्षेपही वजनदार आहेत. गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. प्रयोगाची गावे एका बाजूला आणि तुलनेची दुसऱ्या बाजूला होती. ऊब, स्तनपान, श्वास देणे आणि इंजेक्शन हे सारे एकत्र दिल्यामुळे मृत्यू नेमके कशामुळे घटले, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवगडमध्ये इंजेक्शनाविनाच मोठी घट झाली, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. राष्ट्रीय कार्यक्रमाने तर इंजेक्शन आशांच्या हाती दिलेच नाही. आजारी बाळाला दवाखान्यात पाठवणे एवढेच त्यांच्याकडे ठेवले. मिरज किंवा कराडला तासाभरात पोहोचता येते अशा गावांसाठी मला हा निर्णय योग्य वाटतो. कोयनेच्या पलीकडील वाडीतल्या बाळाला पावसाळ्यात रात्री खाली कसे आणायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नाही. देशातील नवजात मृत्यूंचे प्रमाण २०२० पर्यंत हजारी २० वर आले, त्याचे सारे श्रेय घरभेटींना देणेही चूक ठरेल. दवाखान्यातील प्रसूती वाढल्या आणि जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांचे विशेष कक्ष उभे राहिले, त्यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत या पद्धतीसमोर आणखी एक अडचण उभी राहते. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सव्वा महिन्यानंतर लेक सासरी जाते, तेव्हा बाळाची नोंद एका आशाकडून दुसरीकडे जायला हवी, आणि ती वाटेत हरवू शकते. ऊसतोड मजुरांची स्थिती याहून बिकट आहे. गळीत हंगामात बीडकडून कृष्णाकाठी आलेल्या टोळीत मूल जन्मले, किंवा माण-आटपाडीचे कुटुंब तोडीसाठी बाहेर गेले असताना जन्मले, तर त्या मुलाच्या सहा भेटी कोणत्या आशाने द्यायच्या? टोळी दोन आठवड्यांत फड बदलते. गावी नाव आहे, पण माणूस नाही. येथे माणूस आहे, पण नाव नाही.

गडचिरोलीची पद्धत कुटुंब एका जागी राहते असे धरून चालते, आणि या गृहीतकाची परीक्षा घेण्यास आपल्या साखरपट्ट्यासारखी जागा दुसरी नाही. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका कारखान्याच्या टोळ्यांमधील लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण द्यावे, टोळीबरोबरच फिरणारी नोंदवही त्यांच्याकडे सोपवावी आणि हंगामभरातील प्रत्येक जन्म व मृत्यू मुकादमाच्या यादीशी ताडून पाहावा, एवढे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका प्रबंधात मावते. सुरुवात दिवाळीनंतर टोळ्या उतरतात तेव्हाच करावी लागेल, कारण गरोदर स्त्रियांची पहिली यादी त्याच आठवड्यात तयार झाली नाही, तर पुढे एकूण जन्म किती झाले हेच सांगता येणार नाही.