आधी बाहेर पडतो तो भरवसा

श्रोतेहो, नमस्कार.

आईवडील मंडळींच्या बोलण्यात हल्ली एक नवीच आशा डोकावते. इंटरनेटवर आता इतका गाळ साचलाय, की पोरं स्वतःहूनच विटतील, फोन बाजूला ठेवतील आणि संध्याकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर दिसू लागतील. म्हणजे आपण काही करायला नको, वाईटपणाही घ्यायला नको, काम परस्पर होईल. मला ही आशा जरा आळशीच वाटते.

गाळ साचलाय हे मात्र खरं. २०२५ साली अमेरिकेत फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीवर मक्तेदारीचा खटला चालला, तेव्हा कंपनीचेच आकडे कोर्टापुढे आले. तिथले लोक इन्स्टाग्रामवर जेवढा वेळ घालवतात, त्यातला जेमतेम ७ टक्के वेळ मित्रमंडळींनी टाकलेलं काही बघण्यात जातो. फेसबुकवर १७ टक्के. जी जागा मित्रांसाठी म्हणून सुरू झाली, तिथे मित्र उरले ते एवढेच. बाकी सगळं अनोळखी लोकांचं, जाहिरातदारांचं, आणि आता तर यंत्राने पाडलेलं. पर्वतीवर बर्फ पडल्याची चित्रं काय, जे कुणी कधी बोललंच नाही त्याची भाषणं काय!

पण म्हणून कुणी उठून गेलं का? गोम आहे ती इथेच. ऑनलाइन जग सगळीकडे सारखं बिघडलेलं नाही. जे कामाचं होतं ते बिघडलं, आणि जे खिळवून ठेवणारं होतं ते मात्र सुधारत गेलं. एखादी साधी माहिती शोधायची तर आधी चार जाहिराती ओलांडाव्या लागतात. पण अंगठा वर सरकवल्यावर पुढे काय दाखवायचं, याचा अंदाज यंत्राला दिवसेंदिवस अधिक अचूक येतोय. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. मध्ये उसंत अशी मिळालीच नाही. शिवाय रील टुकार निघाली म्हणून बघणारा थांबत नाही, पुढची बरी असेल म्हणून सरकवत राहतो. ऑस्ट्रेलियाने पोरं विटण्याची वाट पाहिली नाही. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला कायद्यानेच मनाई झाली. तो कायदा किती टिकेल, किती मुलं पळवाटा काढतील, तो वेगळा विषय.

मग आपल्याकडे काहीच हलत नाहीये का? हलतंय. पण ते टेकडीवर दिसायचं नाही. त्यासाठी पेठांतल्या अभ्यासिकांत डोकवावं लागेल.

परभणीहून किंवा धाराशिवहून एखादा मुलगा एमपीएससीच्या तयारीला पुण्यात येतो. सदाशिव पेठेत, नाहीतर नारायण पेठेत त्याला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरती, जागा हवी असते. फोनवर शोधलं, तर फोटोत हवेशीर खोली आणि खाली लिहिलेलं, ‘ब्रोकरेज नाही’. फोन लावला की उचलतो एजंट. मेस शोधावी तर सगळ्यांनाच पाच तारे आणि सगळ्यांचं कौतुक एकाच साच्यातलं. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट एवढा, की भारतीय मानक ब्युरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी चक्क एक मानक ठरवावं लागलं. अर्थात ते ऐच्छिक. क्लासचं विचारूच नका. एकाच टॉपरचा फोटो दोन-तीन क्लासच्या जाहिरातींत झळकतो. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या.

हा मुलगा शेवटी काय करतो? अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरच्या दादाला विचारतो, “दादा, मेस कुठली लावलीय?” दादा म्हणतो, “बोळातल्या काकूंकडे जा. भाजीत तेल जरा जास्त असतं आणि रविवारी संध्याकाळी बंद.” काकूंची उणी बाजूही सांगून टाकली, म्हणून त्याचा शब्द पटतो. आणि समजा मेस अगदीच भिकार निघाली, तर दादा उद्याही त्याच टेबलावर सापडणार आहे. त्याला जाब विचारता येतो. पाच तारे देणाऱ्याला कुठे गाठणार?

मला वाटतं, ऑनलाइनचा दर्जा घसरल्यावर फोनमधून पहिल्यांदा बाहेर पडतो तो माणसाचा भरवसा. वेळ तिथेच अडकून राहतो. रील बघायला भरवसा लागत नाही. खोली, क्लास, डॉक्टर, जुनी दुचाकी, लग्नाचं स्थळ, यांना लागतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांना स्वतः सांगावं लागलं, की गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करणारा तो व्हिडिओ बनावट आहे. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा, आणि बोलणं भलत्याचंच! अशा दिवसांत ‘मी स्वतः जाऊन बघून आलो’ म्हणणाऱ्याचं वजन वाढतं.

आता वेळेचं बघू. तोही काही ठिकाणी सुटतो, पण तो कंटाळ्यामुळे नव्हे. कुणीतरी वाट पाहत असतं, म्हणून. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तो बघा. त्या दणदणाटाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, त्या आज राहू देत. पण कमरेला ढोल बांधल्यावर फोन हातात धरता येत नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर रांगेत भगदाड दिसतं. गंमत म्हणजे यातल्या कित्येकांना पथकाचा पत्ता लागलेला असतो तो रीलमधूनच. सरावाची वेळ कळते व्हॉट्सअ‍ॅपवर. तेव्हा ऑनलाइन आणि ऑफलाइन असा उभा दावा मांडण्यात अर्थ नाही.

तीच गोष्ट पुरुषोत्तम करंडकाची. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजांची ही एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते, तेव्हा स्टेजवरच्या पोराला समोरचं प्रेक्षागृह हसतंय की जांभया देतंय, ते तिथल्या तिथे कळतं. २०२२ साली तर परीक्षकांनी त्या तोडीची एकांकिका नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. केवढा वाद झाला! पण दर्जा राखायचा तर कुणीतरी तोंडावर ‘नाही’ म्हणावं लागतं. अ‍ॅप कुणाला असं सांगणार नाही. त्याला टुकार रीलही चालते, लोक बघत राहिले की झालं.

म्हणून मला काळजी आहे ती जागेची. एकमेकांवर भरवसा ठेवायला माणसं पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी भेटावी लागतात. कॅफेत बसायचं तर एका कॉफीच्या पैशात मेसचं एक जेवण होतं. हॉटेलांत चहा संपला की वेटर टेबल पुसायला लागतो. टेकडी फुकट आहे, पण अंधार पडला की उतरावं लागतं. एकांकिकेच्या तालमींच्या दिवसांत कॉलेजचं गेट बंद झालं, की मुलं कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहतात. मग वरून एखादे काका ओरडतात, “आवाज कमी करा, नाहीतर घरी जा!” मुलं घरी जातात. घरी वायफाय असतोच.

ऐकणाऱ्यांत असे काका नक्की असतील, काकूही असतील. तुमच्या सोसायटीचा हॉल हळदीकुंकू आणि वार्षिक सभा सोडली तर बहुतेक कुलपातच असतो. पुढच्या मीटिंगला एक विषय घ्या: संध्याकाळचे दोन तास त्या हॉलची किल्ली मुलांपैकी कुणाकडे द्यायची. भाडं लावायचं की नाही, त्यावर नंतर निवांत भांडू.

नमस्कार.